रंग गोठतात तिथलं निसर्गचित्र: एडवर्ड विल्सनच्या पेन्सिलनोंदी

ओलीवही

मंडळी, बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

निमित्त लेहचं. गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी गेलो होतो. मी हौशी चित्रकार, रविवारी सकाळी टेकडीवर जाऊन जलरंगात लँडस्केप करणाऱ्यांतली. नदीकाठी बसले, पेटी उघडली, आकाशाचा पहिला वॉश (पातळ रंगाचा हात) टाकला. ब्रश पुन्हा पाण्यात बुडवेपर्यंत कागदावर काहीतरी हललं. आधी वाटलं केस पडलाय. मग दिसलं की रंगाचं पाणी गोठतंय. नेच्याच्या पानासारखी नक्षी कडेकडून आत सरकत होती, निळा रंग दोन पानांच्या मधल्या फटीत ढकलला जात होता. दोन मिनिटांत सगळं आकाश नेच्याचं झालं. इतकं सुंदर की मी नुसती बघत बसले. खोलीवर आणून हीटरजवळ ठेवलं आणि पाच मिनिटांत नक्षी वितळून नुसता निळा चिखल उरला. चहा सांडल्यावर वहीचं होतं तसं.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ध्रुवांकडे गेलेल्या जहाजांवरची इतकी जलरंगचित्रं आहेत, ती काढली कशी? शोधत शोधत एडवर्ड विल्सनपाशी पोचले आणि तिथेच अडकले.

विल्सन १८७२ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा. पेशाने डॉक्टर, आवडीने पक्षीनिरीक्षक. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. टर्नरची चित्रं बघून आणि कलासमीक्षक रस्किनचं लिखाण वाचून हात बसवलेला. १८९८ मध्ये क्षय झाला, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये हवापालट करून त्यातून उठला. आणि अशा माणसाला १९०१ मध्ये कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिकावरच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेवर घेतलं! दुय्यम डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार अशी तीन कामं एकाच पगारात. १९१० मध्ये ‘टेरा नोव्हा’वरून पुन्हा गेला, तेव्हा तो सगळ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख होता. त्यातून परत आला नाही. दक्षिण ध्रुवावरून परतताना स्कॉटबरोबर तंबूत जे दोघे संपले त्यांतला एक विल्सन, दुसरा बॉवर्स.

आता पद्धत. बाहेर तो रंग काढतच नसे. वही आणि पेन्सिल, बस्स. जाड हातमोजा काढायचा, बोटं चालतील तोवर रेघा मारायच्या, बधिर झाली की हात आत, ऊब आली की पुन्हा बाहेर. आणि डोंगराची रेघ झाली की तिच्या आजूबाजूला शब्दांत रंग लिहायचे. आकाशाच्या या पट्ट्यात अमुक, त्याखाली तमुक, सावली कुठल्या छटेची, कुठे गडद होत जाते. मग झोपडीत परतल्यावर दिव्याच्या उजेडात त्या शब्दांवरून जलरंगात चित्र. मधे कधी तास गेलेले असायचे, कधी आठवडे, कधी महिने.

स्कॉटच्या रोजनिशीत याची नोंद आहे. १९११ च्या हिवाळ्यात केप इव्हान्सच्या, म्हणजे मोहिमेच्या तळावरच्या झोपडीत सगळे आळीपाळीने व्याख्यानं देत. विल्सनने स्केचिंगवर दिलं. रंगीत खडू वगैरेंपेक्षा कच्चं रेखाटन आणि लेखी रंगनोंद ही रीत या हवेत कशी सोयीची आहे, हे त्याने समजावलं. स्कॉटचं मत असं की गारठलेल्या बोटांना ही रीत झेपते आणि निरीक्षणाचा सराव वाढेल तशी ती अधिक बिनचूक होत जाते. मांडणी अगदी रस्किनच्या थाटाची होती असंही तो लिहितो.

मला यात सगळ्यात काय भिडलं सांगू? रंग आधी *शब्दांत* येतो. म्हणजे तुमच्याकडे शब्द नसेल तर तो रंग झोपडीपर्यंत पोचतच नाही. आपण फोनवर फोटो काढतो आणि बघायचं सोडून देतो. याला बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

कुणाला यातलं अजून माहीत असेल तर लिहा. आणि खालच्या खेळात भाग घ्या. बाहेर जाऊन फक्त पेन्सिलने स्केच करायचं, रंग मराठीत लिहायचे, फोटो काढायचा नाही, आणि तीन दिवसांनी घरी रंगवायचं. कोण कोण आहे?

शिसपेन्सिल

मस्त धागा! नेच्याचं वर्णन वाचून फ्रीजरमध्ये प्रयोग करावासा वाटतोय. सासूबाईंचे मटार काढून जागा करावी लागेल.

खडूस

धागा चांगला आहे, पण एक शंका. चार महिन्यांनी दिव्याखाली, वहीतले शब्द वाचून काढलेल्या चित्राला निसर्गचित्र का म्हणायचं? ती तर मनची कहाणी झाली. जागेवर बसून, अंगावर ऊन घेऊन जे उतरतं ते लँडस्केप. बाकी सगळं स्टुडिओकाम. तसं म्हणायचं तर मीही रत्नागिरीत बसून न्यूयॉर्क रंगवतो.

आणि आठवणीवर विसंबून काय होतं त्याचा दाखला ध्रुवीय मोहिमांतच आहे. १८१८ मध्ये जॉन रॉस कॅनडाच्या उत्तरेकडून पॅसिफिकला जाणारी वाट शोधायला गेला. लँकेस्टर साउंड नावाच्या खाडीत शिरला आणि पुढे डोंगरांची रांग आडवी दिसली म्हणून मागे फिरला. डोंगरांना ‘क्रोकर पर्वत’ असं नावही ठेवलं आणि पुस्तकात त्यांचं चित्र छापलं. पुढच्या वर्षी त्याचाच जुना सहकारी पॅरी त्याच खाडीतून सरळ आरपार गेला. डोंगर नव्हतेच! मृगजळ होतं. चित्र मात्र झकास होतं. रॉसची अब्रू गेली.

ओलीवही

खडूस, नाव सार्थ करताय :) पण हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं हो. रॉसने ते डोंगर आठवणीतून काढले नाहीत, डोळ्यांसमोर दिसत होते तेच काढले. जागेवर बसून! चूक डोळ्याची होती.

माजी ड्रॉइंग मास्तर

छान चर्चा. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे थोडी मास्तरकी करतो, चालवून घ्या.

खडूसराव, तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर ‘स्मरणचित्र’ नावाचा पेपर आठवत असेल. पोरं तो पेपर म्हणजे सुटीचा दिवस समजत. मनाला येईल ते काढायचं, बाजार, पाणवठा, गणपतीची मिरवणूक. पण त्या पेपरचा हेतू हाच होता की बघताना नीट बघितलं होतं का ते कळावं. विल्सनने जे केलं ते पेन्सिलीच्या आधाराने केलेलं स्मरणचित्र. कमी दर्जाचं काम नाही ते, अवघड काम आहे.

आता थोडं तंत्राबद्दल. जलरंगात पांढरा रंगवायचा नसतो, राखायचा असतो. म्हणजे कागद कोरा सोडायचा. हे आपण पहिल्या दिवशी शिकवतो. आता कल्पना करा, समोरचं अख्खं दृश्यच पांढरं आहे. राखणार काय आणि रंगवणार काय? अशा वेळी चित्र उभं राहतं ते फक्त सावल्यांवर. बर्फाची सावली राखाडी काढली की चित्र मेलं, निळी-जांभळी काढली की जिवंत. विल्सनची चित्रं मी छापील स्वरूपातच पाहिली आहेत, पण बर्फाच्या पोटातल्या सावल्या त्याला बरोब्बर सापडल्या आहेत.

दुसरी गोष्ट. आपण शिकवतो की लांबचा डोंगर फिका आणि निळसर करा, जवळचा गडद आणि उबदार. सह्याद्रीत हे चालतं, कारण हवेत बाष्प आणि धूळ असते. अंटार्क्टिकाची हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ की शंभर-दीडशे किलोमीटरवरचा डोंगरही हाताशी असल्यासारखा रेखीव दिसतो. म्हणजे अंतर दाखवायची आमची सगळ्यात हुकमी युक्ती तिथे बाद. विल्सनने ती वापरायचा मोह टाळला, हे मला फार मोठं वाटतं. वापरली असती तर इंग्लंडात लोकांना चित्र जास्त आवडलं असतं, पण ते खोटं झालं असतं.

पाणी गोठण्याबद्दल: पाण्यात दारू घालतात. चाळीस टक्क्यांची व्होडका साधारण उणे २५ अंशांच्या पुढेमागे गोठते. पण मग रंग कागदावर नीट पसरत नाही, आणि अर्धा ग्लास चित्रकाराच्या पोटात जातो तो वेगळाच.

शिसपेन्सिल

मास्तर :D

अंजिरी

ओलीवही, मी तुझ्या खेळात आहे. आमचं साड्यांचं दुकान, त्यामुळे रंगांच्या नावांची माझ्याकडे टंचाई नाही. चिंतामणी, आमसुली, पारवा, मोतिया, अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, शेवाळी. गिऱ्हाईक म्हणतं, ‘निळी दाखवा’. मी म्हणते, कुठली निळी? आकाशी, मोरपंखी, चिंतामणी की नेव्ही? त्यावर ते सांगतं, ‘ती नाही का, रॉकेलच्या ज्योतीच्या बुडाशी असते तशी’. आणि मला लगेच कळतं बरं का.

त्यामुळे शब्दांवरून रंग होत नाही, असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. आमचा अख्खा धंदा त्यावर चालतो.

आकाशदर्शी

थोडी विज्ञानाची बाजू मांडतो.

खडूस, विल्सनची चित्रं किती विश्वासार्ह आहेत हे तपासायची एक सोपी जागा आहे: सूर्याभोवतीची खळी. हवेत तरंगणाऱ्या षटकोनी बर्फस्फटिकांतून प्रकाश वळला की सूर्यापासून बरोबर २२ अंशांवर कडं दिसतं आणि त्या कड्यावर डावी-उजवीकडे दोन खोटे सूर्य. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढाच कोन होतो, आपल्याकडेही पातळ ढग असताना करून बघा. चंद्राभोवतीही असं होतं. विल्सनने सूर्याची आणि चंद्राची दोन्ही खळी काढली आहेत. कड्याच्या आतली कडा लालसर, बाहेर पांढुरकी होत जाणारी, हा क्रम चुकला की चित्र खोटं पडलं. त्याने अशा चित्रांत शोभेपेक्षा नोंदीला महत्त्व दिलंय. एकदा बर्फावर स्लेज ओढणाऱ्या इवल्याशा माणसांवर त्याने अशी प्रचंड कडी काढली आहेत, ते चित्र नक्की शोधून बघा.

दुसरी गंमत म्हणजे त्याने १९११ च्या ऑगस्टमध्ये, सूर्य परत यायच्या सुमारास, केप इव्हान्सवरून रंगवलेले इंद्रधनुषी ढग. ध्रुवीय हिवाळ्यात १५ ते २५ किलोमीटर उंचीवर तापमान उणे ८० च्या खाली गेलं की तिथे मोत्यासारखे चमकणारे ढग तयार होतात. आज आपल्याला माहीत आहे की त्यांतल्या कणांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या रासायनिक क्रियांमुळेच ओझोनचं छिद्र पडतं. बिचाऱ्याला ओझोनशी काहीच देणंघेणं नव्हतं. सुंदर दिसले म्हणून काढले.

आणि कॅमेरा का नाही? होता की. ‘टेरा नोव्हा’वर हर्बर्ट पॉन्टिंग होता, त्या काळचा अव्वल छायाचित्रकार. पण काम बहुतेक सगळं कृष्णधवल. रंगीत ऑटोक्रोम काचा त्याने नेल्या होत्या, थोडी रंगीत छायाचित्रं काढलीही, पण त्या तंत्राला उजेड भरपूर लागे. संधिप्रकाश दिवसेंदिवस बदलत राहतो त्या जागी रंगांची खरी वही विल्सनचीच.

मैत्रीकर

हा धागा एका मित्राने पाठवला म्हणून खाते उघडलं. मी चित्रकार नाही. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर एक हिवाळा जनरेटर सांभाळायला होतो. प्रशिक्षण, कागदपत्रं सगळं गोव्यात वास्कोला, पुढे केपटाऊनहून बर्फात.

खडूस साहेब म्हणतात ते मला पटत होतं, तिथे जाईपर्यंत. घरून निघताना मनात चित्र होतं की सगळं पांढरं असेल. खरं सांगू? पांढरं फार थोडा वेळ असतं, फक्त भर दुपारी ऊन डोक्यावर असताना. बाकी वेळ बर्फ आकाशाचा रंग घेतो. मे महिन्याच्या शेवटी सूर्य वर यायचा थांबला, जवळजवळ दोन महिने. पण अंधार नसतो हो पूर्ण. दुपारी बाराला उत्तरेकडे (तिथे सूर्य उत्तरेला असतो, हे अंगवळणी पडायला मला महिना लागला) क्षितिजावर एक पट्टी पेटायची. खाली कोकमासारखी, वर पिकल्या आंब्याच्या सालीसारखी, त्याच्या वर एक हिरवट, जो मला आजही सांगता येत नाही, आणि पाठीमागे दक्षिणेला जांभूळ. जमिनीवरचा बर्फ पूर्ण निळसर जांभळा. मी घरी व्हिडिओकॉलवर बायकोला दाखवायचो तर फोनमध्ये सगळं करडं यायचं. ती म्हणायची, ‘काय हो, धुकं आहे का?’

ओलीवहींनी सांगितलेली चित्रं काल नेटवर पाहिली. १९११ मधली सूर्यास्ताची. बायकोला हाक मारली आणि म्हटलं, हे बघ, *हे*. फोन जे दाखवू शकला नाही ते हे.

ओलीवही

मैत्रीकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘हिरवट, जो मला आजही सांगता येत नाही’, तिथेच विल्सनची पेन्सिल अडली असती का हो? अंजिरीताई, या हिरव्याला नाव सुचवा.

अंजिरी

कच्च्या पपईच्या गराचा? मैत्रीकर दादा, जवळपास येतंय का?

मैत्रीकर

त्याहून पातळ. कच्च्या पपईची साल काढल्यावर पाणी सुटतं ना, त्या पाण्याचा.

अंजिरी

लिहून घेतला. दुकानात मागणी आली तर तुमचं नाव देईन.

टेम्सकाठची पाहुणी

मी लेकाकडे इंग्लंडात येऊन-जाऊन असते. केंब्रिजला स्कॉट पोलर रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, त्यांचं लहानसं संग्रहालय. विल्सनच्या चित्रांचा मोठा साठा तिथे आहे. चेल्टनहॅमच्या संग्रहालयाला तर त्याचंच नाव दिलंय, आणि गावातला त्याचा पुतळा कॅप्टन स्कॉटच्या बायकोने घडवलेला आहे. ती शिल्पकार होती. नवऱ्याच्या शेजारी मेलेल्या माणसाचा पुतळा करताना त्या बाईला काय वाटलं असेल, असा विचार करत मी त्या पुतळ्यापाशी बराच वेळ उभी होते.

अजून एक गोष्ट सांगते, तुम्हाला आवडेल. अंटार्क्टिकात केप अडेअर नावाच्या जागी एक जुनी लाकडी झोपडी आहे, १८९९ च्या मोहिमेतली. पुढे १९११ मध्ये स्कॉटच्या माणसांची एक तुकडीही तिथे राहिली. काही वर्षांपूर्वी तिथल्या वस्तूंचं जतन करताना कागदांचा एक गठ्ठा मिळाला, पेंग्विनांच्या विष्ठेने आणि बुरशीने माखलेला. त्या घाणीत एक जलरंगचित्र निघालं, एका चिमुकल्या मेलेल्या पक्ष्याचं. झाडाच्या खोडावर तुरुतुरु चढणारा युरोपातला पक्षी तो. खाली १८९९ साल. रंग काल लावल्यासारखे. सही नव्हती, पुढे अक्षर आणि हात ओळखून कळलं की हे विल्सनचं. २०१७ मध्ये बातमी आली होती. म्हणजे ११८ वर्षं! अंधार, थंडी आणि कोरडेपणा यांनी ते जपलं. जलरंगाचा शत्रू उजेड, तो तिथे नव्हताच. जिथे एकही झाड नाही तिथे झाडावरच्या पक्ष्याचं चित्र जपलं गेलं, आहे की नाही गंमत?

माजी ड्रॉइंग मास्तर

ताई, फार सुंदर माहिती. आमच्याकडे पावसाळ्यात चित्राला बुरशी धरते म्हणून आम्ही कापूर ठेवतो आणि तरी चार वर्षांत ठिपके पडतात.

कोल्हापुरी चप्पल

रंकाळ्याकाठचा माणूस आहे, त्यामुळे निसर्गचित्र म्हटलं की आमच्यात पहिलं नाव आबालाल रहिमान. त्यांनी रंकाळा आणि संध्यामठ जागेवर बसून बघून बघून पाठ केला होता. मास्तर म्हणतात ते बरोबर हाय, बघणं पक्कं असलं की कुठंबी बसून रंगवता येतं.

दिव्याचा विषय निघालाय म्हणून: चित्रकार हळदणकरांची ती समईवाली बाई आठवा, म्हैसूरला आहे ती. जलरंगच आहे ते, लोक तेलरंग समजतात. हळदणकरांनी दिव्याचा उजेड रंगवला, आणि तुमच्या विल्सनने दिव्याच्या उजेडात बाहेरचं ऊन रंगवलं. दोन्ही अवघडच. पण मला सांगा, पिवळ्या उजेडात रंग चुकत नाहीत? आमच्या घरी रात्री बल्बखाली रंगवलेलं सकाळी बघितलं की रडू येतं.

ओलीवही

अगदी नेमका प्रश्न. पिवळ्या उजेडात पिवळा रंग दिसेनासा होतो आणि निळा काळपट वाटतो, म्हणून आपण पिवळा जास्त आणि निळा कमी लावतो. सकाळी सगळं हळदीत बुडवल्यासारखं. केप इव्हान्सच्या झोपडीत ॲसिटिलीनचे दिवे होते, कार्बाइडवर पाणी पडून होणारा वायू, आपल्याकडे पूर्वी लग्नाच्या वरातीत कार्बाइडच्या बत्त्या असत तसाच. त्याचा उजेड रॉकेलच्या दिव्यापेक्षा बराच पांढरा. तरी दिवसाचा नव्हेच. आणि ‘सकाळी बघू’ म्हणायची सोय नाही, कारण तिथे सूर्य एप्रिलच्या शेवटी गेला की ऑगस्टच्या शेवटीच येतो. चार महिने! म्हणजे पेटीतला कुठला रंग दिवसा कसा दिसतो हेही त्याला पाठ असणार.

डोळ्यांचं एक राहिलंच. पहिल्या मोहिमेत १९०२ च्या डिसेंबरात विल्सन, स्कॉट आणि शॅकल्टन तिघे दक्षिणेकडे चालत गेले, ८२ अंशांच्या पुढे. विल्सन वाटेतली पर्वतरांग पुरी रेखाटत होता. गॉगल लावला तर श्वासाने धुरकट होतो आणि रंगही खोटे दिसतात, म्हणून काढून बसायचा. व्हायचं तेच झालं, हिमांधत्व आलं. डोळ्यांत वाळू घातल्यासारखी आग. औषध म्हणून कोकेनचे थेंब. एक पूर्ण दिवस त्याने दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून स्लेज ओढली आणि शेजारून चालणारा स्कॉट त्याला नवे डोंगर कसे उगवतायत ते सांगत राहिला. ज्याने डोंगर काढायचे त्याचे डोळे बांधलेले आणि कप्तान धावतं वर्णन करतोय!

१९११ च्या भर हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला गेला, तापमान उणे ६० पर्यंत. तिथे उकळत्या चरबीचा थेंब डोळ्यात उडाला. त्या डोळ्यांनी काय काय सोसलं.

शिसपेन्सिल

फ्रीजर प्रयोगाचा अहवाल: उणे १८ अंश. निळा वॉश टाकलेला हँडमेड कागद ताटात ठेवून आत सरकवला. पंधरा मिनिटांनी काढला. नेचे आले! पण बारीक, तुझ्यासारखे मोठे नाहीत. दुसऱ्या कागदावर पाण्यात निम्मं ग्लिसरीन घातलं (औषधांच्या दुकानातलं). ते गोठलं नाही, पण आज चौथा दिवस, अजून वाळलंही नाही. माशी चिकटली आहे. सासूबाई विचारताहेत मटारला निळा डाग कसला.

माजी ड्रॉइंग मास्तर

निम्मं फार झालं बाई! पेटीतल्या ओलसर रंगांत थोडं ग्लिसरीन मुळातच असतं. १८३० च्या दशकात ती युक्ती निघाली आणि रंगाची पेटी खिशात घालून फिरता येऊ लागलं. त्याआधी रंगाची वडी दगडावर घासावी लागे. त्यानंतरचे नौदलातले अधिकारी म्हणूनच इतके रंगवताना दिसतात. १८७५-७६ च्या नेअर्स मोहिमेतला डॉक्टर एडवर्ड मॉस बघा. तो उत्तरेकडे होता, ‘अलर्ट’ जहाजावर. त्याच्या चित्रांचं सुंदर रंगीत छापील पुस्तक १८७८ मध्ये निघालं. दोन वर्षांनी ‘अटालांटा’ नावाच्या जहाजासकट समुद्रात नाहीसा झाला.

आकाशदर्शी

अवांतर: शॅकल्टनच्या ‘एंड्युरन्स’वर चित्रकार होता जॉर्ज मार्स्टन. जहाज बर्फात चिरडलं, तेव्हा त्याचे तेलरंग होडीच्या फटी बुजवायला वापरले, दिव्याच्या वाती कोंबून वरून रंग आणि सीलचं रक्त. १९१६ मध्ये ‘जेम्स केर्ड’ नावाच्या त्या होडीतून सहा माणसं सुमारे ८०० मैल कापून साउथ जॉर्जियाला पोचली. जलरंग असते तर बुडाले असते.

कोल्हापुरी चप्पल

आता समजलं तेलरंगवाले एवढा भाव का खातात.

खडूस

बरं. माघार घेत नाही, पण प्रयोग केला. ओलीवहीबाईंचा खेळ.

शनिवारी भाट्याच्या खाडीवर गेलो. फोन घरी ठेवला (सौ.ला खात्री पटेना, खिसे तपासले). संध्याकाळी सहाला बसलो, पेन्सिलने किनारा, सुरूची झाडं, दोन होड्या काढल्या. मग रंग लिहायला लागलो. पहिल्या पाच मिनिटांत लक्षात आलं की माझ्याकडे शब्द चारच आहेत. निळा, पिवळा, तपकिरी, राखाडी. पाणी बदलत होतं, मी शब्द शोधत होतो, शब्द सापडेपर्यंत पाणी दुसरंच. शेवटी अंजिरीताईंची यादी आठवून एक ‘पारवा’ आणि एक ‘मोतिया’ घुसडला.

काल मंगळवारी रंगवायला बसलो. वही उघडली तर पाच ठिकाणी ‘राखाडी’ लिहिलंय. ओल्या वाळूला राखाडी, ढगाला राखाडी, होडीच्या पोटाला राखाडी, पाण्याला दोनदा. पाचही वेगळे होते एवढं आठवतं, कसे ते आठवत नाही. सौ. खांद्यावरून डोकावून म्हणाली, ‘यातला चुलीच्या राखेचा कुठला आणि उदबत्तीच्या राखेचा कुठला?’

एक प्रश्न आहे. विल्सन ध्रुवावर पोचला तेव्हा तिथे त्याने काही काढलं का?

ओलीवही

काढलं. १९१२ च्या जानेवारीत, उणे ३० च्या आसपास. अमुंडसेन आधीच पोचला होता, त्याने मागे ठेवलेला तंबू आणि वर नॉर्वेचा झेंडा, हे पेन्सिलने. सुमारे दहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, शोधायला गेलेल्यांना स्कॉट-विल्सनचा शेवटचा तंबू सापडला, त्यात स्केचबुकही होतं. झोपडीत परतून रंगवायची ती पानं तशीच पेन्सिलीत राहिली.

खडूस, ते पाच राखाडी इथे टाका ना. वाळूच्या राखाडीपासून सुरुवात करू.

अंजिरी

ओली वाळू ना? खाडीची? भरती की ओहोटी, ते सांगा आधी.

खडूस

ओहोटी. नुकती लागलेली.

अंजिरी

मग तो राखाडी नाहीच. हत्तीच्या कानामागचा रंग. पुढचा सांगा.